साचेवाल्याचा हात

गुणाजी परबाला टेन्शन हा शब्द गिरणीच्या साचेखात्यात भेटला होता, म्हणून चाळीतली माणसं तो वापरायला लागली की त्याचं डोकं फिरायचं. वीस वर्षं त्यानं साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, कापड विणलं. ताण्याच्या उभ्या धाग्यांवर तळहात ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा, आणि खात्यावरच्या जॉबरला, मुकादमाला, ओरडून सांगायचं, "टेन्शन कमी हाय!" टेन्शन म्हणजे हातानं बघायची आणि पान्यानं आवळायची गोष्ट. आता गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं, आणि घाटकोपरच्या भटवाडीत जो तो ते घेऊन बसला होता. डॉक्टर म्हणे, घेऊ नका. शेजारची प्रेमा म्हणे, भावजी, तुम्ही लय घेता. अरे, घ्यायला ती काय चहा-खारी आहे?

घेत मात्र तोही होता, खोटं कशाला बोला! दारापासून मोरीपर्यंत सात पावलं, दिवसभर तीच.

घरात काम होतं ते बायकोला, नलिनीला. अंधेरीच्या एका शर्टाच्या कारखान्यानं तिला नमुन्याची कॉलर शिवायला दिली होती. कापड एकाच कॉलरीपुरतं. आज पाचला नेऊन दाखवायची. पसंत पडली तर कायमची नोकरी. गिरणी काही बोलावत नव्हती, तेव्हा घराचं सगळं त्या कॉलरीवर होतं.

दुपारी नलिनी नळावर गेली आणि गुणाजी शिलाई मशीनपाशी आला. सुईवरचा दोरा त्यानं बोटानं छेडून बघितला. ढिला! त्याला राहवेना. दोरा आवळायचा नट त्यानं दोन फेरे घट्ट केला आणि मोठं काम केल्यासारखा खाटेवर जाऊन बसला. साच्यावरचा ताणा तंग लागतो, शिलाईचा दोरा नव्हे. पण जित्याची खोड, ती कुठली जायला?

नलिनीनं येऊन कॉलर शिवली. कडेला चुण्याच चुण्या. ती बघतच राहिली.

"माजो हातच नाय बसत," म्हणत तिनं पदर डोळ्याला लावला. "मी नाय जातंय अंधेरीक."

गुणाजी उठला, मोरीपर्यंत गेला, परत आला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण ती जन्मभर स्वतःच्या हाताला नावं ठेवत बसली असती, आणि ते त्याला सोसवेना.

"तुजो हात बरो आसा," तो म्हणाला. "नट मिया आवळलंय."

"कित्याक?"

"हाताक काम नव्हतां गे."

नलिनीनं नट सैल केला आणि कॉलर त्याच्या मांडीवर टाकली. "उसवा आता. कापडाक भोक पडूक नको."

गुणाजी टाका टाका उसवू लागला. गिरणीत तुटलेला धागा चालत्या कामात जोडणारी बोटं ती, कापडाला कळलंसुद्धा नाही. तासभर तो एका जागी बसून होता. संप झाल्यापासून तो असा बसलाच नव्हता.

नलिनीनं पुन्हा शिवली. एकही चुणी नाही. ती कॉलर पिशवीत घालून निघाली, तसा गुणाजी दारापर्यंत आला.

"गे," तो खाली बघत म्हणाला, "थंय उसवूचा काम मेळता काय, इचारून बघ."