हॅरीचे तह आणि झिंजचा फ्लॅट

चार माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडू लागली, की किस्से साठतातच. आखातातल्या मआमीरच्या वर्कशॉपमधले आमचे किस्से मात्र अमेरिकेतल्या तहांचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट.

नवा सुपरवायझर हॅरी पहिल्याच दिवशी म्हणाला, "मीही इंडियनच."

आमचे परांजपे खुलले. "पुणे की बॉम्बे?"

"ओक्लाहोमा. आम्ही क्रीक."

क्रीक म्हणजे अमेरिकेतली एक मूळ जमात, आपण रेड इंडियन म्हणतो त्यांच्यातली. तहावर तह करून त्यांची जमीन कशी गेली, ते हॅरी जेवताना सांगायचा.

एका तहाला म्हणे दोनच गावांचे प्रमुख हजर होते. गोऱ्यांनी त्यांच्याच सह्या घेतल्या, सगळ्यांच्या वतीनं!

"बाकीचे कुठे होते?" चिपळूणच्या मोरेनं विचारलं.

"घरी. आपण गेलो नाही म्हणजे तह झाला नाही, असं वाटलं त्यांना."

पुढे त्यांच्या एका बड्या सरदाराला न्यूयॉर्कला बोलावून थाटात तह झाला. त्यात गुप्त कलमं होती. सरदाराला जनरलचा हुद्दा, वर्षाचा पगार.

"आपल्या लोकांना सांगितलं त्यानं?"

"गुप्त म्हटलं ना."

त्याच सुमारास कंपनीनं लीव्ह कमी करणारं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं. एकट्यानं सही करायची नाही, असं आमचं ठरलं होतं. परांजप्यांनी गुपचूप केली, आणि बदल्यात कंपनीकडून त्यांना झिंज वस्तीत फॅमिली फ्लॅट मिळाला. एकी मोडल्यावर मग आम्हालाही सह्या कराव्याच लागल्या.

मोरे त्यांना 'जनरलसाहेब' म्हणू लागला.

खरं सांगायचं तर रागापेक्षा पोटदुखीच जास्त. माझी बायको सांगलीला, मोरेची गावी. परांजप्यांच्या डब्यात मऊ पोळ्या, आमच्या हातात बेकरीतली खुबूस-रोटी. शुक्रवारच्या सुट्टीत झिंजवरून जाताना त्यांच्या बाल्कनीत साडी वाळताना दिसली, की मोरे खोलीवर येऊन गावी पत्र लिहायला बसायचा.

एकदा परांजप्यांच्या बायकोनं, शैलावहिनींनी, आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मोरेनं मुद्दाम विषय काढला. "हॅरी, इतरांना न जुमानता एकट्यानंच तह केला, तर तुमच्यात काय करायचे?"

"एका सरदारानं केला होता. पंचायतीनं त्याला मरणाची शिक्षा दिली. आपल्याच माणसांनी घर वेढलं, पेटवलं आणि त्याला गोळ्या घातल्या."

परांजपे ताटाकडे बघत राहिले. वहिनी त्यांना पोळी वाढता वाढता थांबल्या.

"त्याच्या बायकोला ठाऊक होतं का, त्यानं सही केल्याचं?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही," हॅरी म्हणाला.

वहिनींनी परांजप्यांकडे एकदा पाहिलं, आणि हातातली पोळी मोरेच्या ताटात वाढली.