अँटिनाचं तोंड दिल्लीकडे

आमच्या टीव्हीवर दिल्ली दिसली नाही, कारण मी त्याच्या अँटिनाचं तोंड दिल्लीकडे केलं होतं.

हसा. माझी बायको हिरा यावर मरेपर्यंत हसत होती. मागच्या शिमग्याला ती गेली. आता घरात मला येडा म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हटलं आपणच लिहून ठेवावं. (शिक्षण चौथी. चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, मी ऐकायला येणार नाही.)

गोष्ट ठाण्याच्या कोळीवाड्यातली. दिल्लीत एशियाड भरणार होतं, आणि बिल्डिंगमधले लोक रंगीत टीव्ही घ्यायला पिसाळल्यासारखे धावत होते. हिरा ज्या साहेबांकडे मासे घालायची त्यांनीही रंगीत घेतला, आणि त्यांचा जुना काळा-पांढरा आमच्या घरात आला. चार पायांचा, पुढे लाकडी शटर. आमच्या आळीतला पहिलाच! तो लागायच्या आधीही मी त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याने दोघांना एकत्र बघावं म्हणून.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. हिरालाही नाही. तिला बघायचा होता तिचा भाऊ. काशिनाथ अर्नाळ्याचा, एकुलता एक भाऊ, पलटणीच्या बँडात ढोल वाजवायचा. एशियाडच्या उद्घाटनाला त्यांचा बँड होता. सराव चाललेला, म्हणून भाऊबीजेला सुट्टी मिळाली नाही. हिराची भाऊबीज कोरडी गेली. ओवाळायचं ताट तिने घासून, पुसून फळीवर उपडं घातलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. (जणू पलटण माझ्या हुकमावर चालते!)

मग दुसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाली, "टीव्हीवर येनार ना तो? मंग टीव्हीवरच ओवालते."

"अगं, टीव्हीला कुंकू लावणार?"

"काचंला लावीन. पुसता येतं."

"आणि तो पापणी लवेपर्यंत निघून गेला तर?"

"तर पापणी न लवता ओवालीन. बाजारात गिऱ्हाइकाशी भांडत भांडत सुरमई कापते मी. मना नका शिकवू!"

झालं. आळीत बातमी पसरली. हिराबाय भावाला टीव्हीत ओवाळणार!

टीव्हीवाला येऊन अँटिना बसवून गेला. लोखंडी पाइप कशाला, म्हणून मी बोंबील वाळवायचा एक बांबू काढून दिला. तो कौलांवर उभा राहिला, चित्र आलं, टीव्हीवाला चहा पिऊन गेला. सगळं ठीक होतं. इथेच मी गप्प बसायला हवं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी अंगणातून वर बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. एशियाड दिल्लीत, आणि या शहाण्याने अँटिनाचं तोंड केलंय मुलुंडकडे! मुलुंडात काय खेळ आहेत? जिकडे जायचं तिकडे होडीची नाळ म्हणजे पुढचं टोक फिरवायचं, एवढं तर कोळ्याचं शेंबडं पोर जाणतं. लावली शिडी, चढलो. भिवंडीच्या जरा वरच्या अंगाला दिल्ली. बरोब्बर तिकडे तोंड केलं. वाऱ्याने हलू नये म्हणून भिजवलेल्या दोराने होडीची गाठ मारली. एक नाही, गाठीवर गाठ!

शेजारचा नामदेव खालून ओरडला, "काय करतंस रं वर?"

"दिल्ली जवळ आणतोय!"

(दिशा बिनचूक होती, हे आजही सांगतो. चित्र मुलुंडपलीकडे मुंबईच्या टॉवरवरून येतं, हे मागाहून कळलं. पण दिल्ली तिकडेच आहे. कोणीही जाऊन बघावं.)

दुपारी आळी आमच्या घरात. बाया पुढे, पुरुष दारात. हिरा नवं लुगडं नेसून, पेटतं निरांजन ताटात घेऊन टीव्हीसमोर उभी. मी टीव्हीला नारळ फोडला, शटर सरकवलं, बटण फिरवलं.

मुंग्या! नुसत्या पांढऱ्या मुंग्या!

"धीर धरा," मी म्हणालो. "दिल्ली लांब आहे. चित्राला यायला वेळ लागणारच."

नामदेव म्हणाला, "मुंग्यांची पन शर्यत असते का रं एशियाडात?"

तेवढ्यात त्या मुंग्यांच्या खरखरीतून बारीक आवाज आला. धडाम धूम, धडाम धूम. बँड!

"काश्या!" हिरा किंचाळली. "माझा काश्या वाजवतोय! ओ, बघत काय ऱ्हायलात? दाखवा मना!"

मी शिडीवर. शिडीवरून कौलांवर. बोंबलाच्या वासाने बांबूवर कावळ्यांची पंगत बसली होती, ती उठायला तयार नाही. एकाला हाकललं तर दुसरा माझ्या टोपीवर. मी गाठ सोडायला घेतली. उन्हात सुकून तिचा दगड झालेला! माझीच गाठ, माझ्याच बापाने शिकवलेली, आणि माझ्याच नखांना दाद देईना. खाली नामदेव दारात उभा राहून आतलं बाहेर सांगत होता.

"आला का?" मी.

"नाय!"

"आता?"

"मुंग्या वाढल्या!"

"आता?"

"आता उभ्या होत्या त्या आडव्या झाल्या!"

मला राहवेना. एक कौल सरकवलं आणि डोकं आत घातलं. दिसलं काय? टीव्हीची पाठ! आख्ख्या आळीची तोंडं माझ्याकडे, आणि मधे हिरा. निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

"हिरा," मी वरून म्हटलं, "जरा थांब, सोडतोय."

"बँड थांबनार हाय का तुमच्यासाठी?" ती म्हणाली. मग तिने पदर सावरला. "ऱ्हाऊ द्या. या मुंग्यांतली एक मुंगी माझा काश्या हाय. मी ओवालते."

आणि तिने काचेच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं, तांदूळ लावले, ओवाळायला सुरुवात केली. मग मी डोकं कौलाबाहेर काढलं, गाठ सोडायचा नाद सोडला आणि बांबूच मिठीत धरून जीव खाऊन पिरगाळला. कडकड आवाज झाला, कावळे उडाले, चार कौलं घरंगळली, आणि बांबू, अँटिना, मी असे तिघंही गर्रकन मुलुंडकडे फिरलो.

"आला! आला!" खाली एकच कल्ला.

मी भोकातून ओरडलो, "काश्या दिसला?"

मग हसण्याचा असा फवारा उडाला की कौलं थरथरली. चित्र आलं होतं आरशासारखं लख्ख. पण बँड पुढे निघून गेला होता, आणि पडद्यावर कुठल्यातरी परदेशी पथकाचा म्होरक्या चालला होता. लांब झगा, छातीपर्यंत दाढी, आणि कपाळावर बरोब्बर हिराचं कुंकू!

"हिराबाय," नामदेव म्हणाला, "तुझ्या भावाला दाढी कवा आली गं?"

हिरा ताट ठेवून अंगणात आली. वर बघितलं. शिडी उचलली, नामदेवच्या अंगणात नेऊन टाकली आणि परत जाऊन परदेशी पाहुणे बघत बसली. मी कौलांवर, अँटिनाला मिठी मारून. सोडलं की खालून बोंब, "गेलं, गेलं! धरा!" उद्घाटन संपेपर्यंत मी धरून होतो. बाकीच्या देशाने एशियाड बघितलं. मी मुलुंड बघितलं.

थंडी सरता सरता काशिनाथ रजेवर आला. बहिणीसाठी दिल्लीची शाल घेऊन, मिशीला पीळ देत. बसला आणि पहिलाच सवाल, "ताई, दिसलो का गं मी?"

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावून ठेवला. आता ही सगळं सांगणार. पोरगं बिचारं दिल्लीच्या थंडीत ढोल बडवत होतं, ताई बघतेय म्हणून.

"दिसलास की!" हिरा म्हणाली. "सगल्यांच्या पुढं. कसला ताठ चालत होतास!"

"पुढं?" काशिनाथची मिशी थांबली. "अगं, आमची ढोलवाल्यांची रांग शेवटची होती."

हिराने पापणीसुद्धा लववली नाही. "यांनी अँटिना उलटा लावला होता ना. आमच्याकडे शेवटचे पुढं दिसले."

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. मॅट्रिक पास माणूस, सरकारी वाद्य वाजवणारा. वाटलं, हा काही फसत नाही.

"भावोजींनी लावलेला?" तो म्हणाला. "मग होईल तसं."