नाही पोचलं तर?

२०२४ साल होतं. मी एक्काहत्तरीचा, ती बत्तिशीची, आणि तिच्या तोंडी सारखं एकच, ‘नाही पोचलं तर?’

हदगावात आमच्या मागच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. दूधवाला म्हणाला, उद्या पोरग्याच्या हाती दूध धाडतो, की ही डावी भुवई वर करून विचारणार, ‘नाही पोचलं तर?’ तो बिचारा घाबरून स्वतःच यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं भांडून राहिली, ती नुसती खात्री करून राहिलेली असतात.

तिचं काम मला बरेच दिवस कळलं नाही. पुण्याच्या एका कंपनीचं फोनवर निरोप पाठवायचं साधन होतं. दवाखान्याची तारीख, सोयाबीनचा भाव, असले निरोप. ते आता माणूस चालवणार नव्हता, एआय चालवणार होता. त्याला ती एजंट म्हणायची. त्या एजंटानं हे साधन कसं वापरावं, कुठं थांबावं, हे ती लिहायची आणि लिहिलं की मला मोठ्यानं वाचून दाखवायची.

‘‘मलाच कामून?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही लई हट्टी, मामा. हा एजंटबी तसाच. लिहिलं तेवढंच करतो.’’

‘‘यंत्राला तुझं वाचता येतं आन मला न्हाई, असं सरळ म्हण की.’’

‘‘येतं की तुम्हाला. चौथीपर्यंतचं.’’

चौथीत शाळा सुटली, खरं आहे. पण गावचा कोतवाल म्हणून उभी हयात मी सांगावे पोचवले, आधी पायी, मग सायकलवर. ही पोर मला निरोप शिकवणार? मयताचा सांगावा कसा देतात ते मी तिला ऐकवलं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. आणि माणूस गेला असं म्हणायचं नाही. ‘तब्येत जास्त हाय, चला,’ एवढंच. पुढचं ऐकणारा वाटेनं आपोआप समजून घेतो.

‘‘नाही समजला तर?’’ ती म्हणाली. ‘‘त्याला वाटलं, अजून वेळ हाय, आन निघालाच नाही लवकर, तर?’’

मग तिनं तिचं पान वाचलं. पहिल्या ओळीत काय झालं ते. मग कोण सांगतंय. मग समोरच्यानं काय करायचं. निरोप पाठवला म्हणजे पोचला असं धरू नये. उत्तर आलं नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडू नये, माणसाला सांगावं.

‘‘याला दगडाचं काळीज लागतं,’’ मी म्हणालो आणि अबोला धरला. ती रोज दारात येऊन पुढचं पान वाचून जायची. माझं बोलणं बंद, ऐकणं चालू.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. एसटीनं नांदेडला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायची. एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातानं तिथंही लिहायची. वडील इस्लापूरला. हिनं नवऱ्याचं घर सोडलं, म्हणून त्यांनी हिला सोडलं. ‘बाबा, एकदा या,’ असा निरोप ती त्यांच्या फोनवर टाकायची. उत्तर नाही. एक दिवस टाकणं थांबवलं.

‘‘थकलीस काय?’’ माझा अबोला सुटला.

‘‘नियम हाय, मामा. आता माणसानं जायचं.’’

‘‘मग जातो मी.’’

‘‘आत्ता नको. आत्ता कीव करून येतील. बरी झाले की जा.’’

‘‘आन न्हाई झालीस तर?’’ माझ्या तोंडून तिचाच शब्द निघाला.

तिची भुवई वर गेली. हसली मात्र नाही. ‘‘तर तब्येत जास्त हाय म्हणू नका. तेवढ्या वाटेत ते आशा करतील. तसं नका करू त्यांना.’’

दिवाळीच्या तोंडावर, नांदेडला, मशीनवर असतानाच ती गेली. दवाखान्याचा फोन दुपारी मला आला. तिनं तिथं माझाच नंबर दिला होता. मी इस्लापूरला तिच्या वडिलांना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला नाही. दवाखान्यात जाऊन सांगितलं, बाप येतो, तोवर तिला ठेवा. बाप येणार हे कशाच्या जोरावर बोललो, मलाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं इस्लापूर गाठलं. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो. म्हातारा ओसरीवर चहा पीत बसला होता. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच ताठ मानेचा. पाहुणा समजून म्हणाला, ‘‘या, पाणी घ्या.’’

मी नको म्हणून मान हलवली. जुनं वाक्य ओठावर आलं होतं, ते गिळलं.

‘‘तुमची लेक काल दुपारी वारली. मी हदगावचा, तिचा घरमालक. तुम्ही माझ्यासंगं नांदेडला यायचं हाय.’’

त्यानं कपबशी खाली ठेवली. मी हललो नाही. ऊन पायरीवर आलं, मग माझ्या पायांवर. मी उत्तराची वाट बघत तिथंच उभा राहिलो.