दर तिसऱ्या तासाला बिघडणारे कर्नल

"घड्याळ उत्तम आहे गं. बिघडलोय तो मी," कर्नल निंबाळकर फोनवर म्हणाले. "उद्या येऊ का? जरा वाचायला शिकव."

गिऱ्हाईक असं बोलत नाही. सव्वीस वर्षं मी कोलकात्यात घड्याळं दुरुस्त करतेय. जन्मही इथलाच, भवानीपूरचा. या सव्वीस वर्षांत घड्याळ पाण्यात बुडवलेली माणसंसुद्धा काउंटरवर हात आपटून मला म्हणाली आहेत, "तुम्हीच बिघडवलंत." हा पहिलाच माणूस, जो स्वतःला बिघडलेला म्हणत होता. मी म्हटलं, "या काका, अकराच्या आत या." आणि मनात म्हटलं, चला, निदान माझं काम तरी चोख झालंय.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तर आधी घड्याळाबद्दल. कर्नलसाहेब फोर्ट विल्यममधून रिटायर झाले आणि बराकपूरला घर घेऊन राहिले. मुलगी मृणाल बेंगळुरूला उपग्रहांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिने वडिलांच्या पंचाहत्तरीला हे घड्याळ परदेशातून मागवलं. यानाच्या खिडकीसारखी फुगीर काच, चंद्राच्या मातीच्या रंगाची डायल, आणि काटे नाहीतच! काट्यांऐवजी मधल्या फिरत्या चाकावर तीन चकत्या. त्यांना म्हणायचं 'सॅटेलाइट'. प्रत्येक चकतीवर चार आकडे. खाली एक कमान, तिच्यावर शून्य ते साठ मिनिटं. सेकंदांसाठी कडेला एक बारीक फिरता ठिपका. जी चकती कमानीवरून चाललीय तिच्यावरचा आकडा म्हणजे तास, आणि ती जिथवर पोचलीय तिथली खूण म्हणजे मिनिटं. तास संपला की ती मागे जाते, स्वतःभोवती पाव वळण घेऊन आपला पुढचा आकडा वर आणते, आणि पुढची चकती कमानीवर येते. बघायला फार देखणं. उघडायला मात्र छातीत धडधड.

ते उघडावं लागलं, कारण कर्नलसाहेबांनी त्यासकट आंघोळ केली. घड्याळाच्या पाठीवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं होतं. गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसला की त्याचा अर्थ हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील, एवढाच आहे. कडक पाण्याच्या बादलीशी त्याचा संबंध नाही. काचेच्या आत वाफ धरली. मुलीला कळायच्या आत काका ते रुमालात बांधून धर्मतल्ल्याला आमच्या दुकानात आले. मी रुमाल सोडला आणि तोंडातून निघालं, "अगं आई गं!" काका ओरडले, "अरे, तू आपली!" तिथून मी त्यांची पुतणी झाले.

दुकानाचे मालक शंकरदा. बंगाली, साठीचे, कायम धास्तावलेले. आमचं बोलणं बंगालीतच होतं, इथे मराठीत लिहितेय.

"हे आपण घ्यायचं नाही," शंकरदा म्हणाले. "परत पाठव."

"मी करते."

"यापूर्वी असलं उघडलंयस?"

"नाही. म्हणूनच करते."

केलं. चार दिवस लागले. सगळं सुटं केलं, धुतलं, वाळवलं, तेल दिलं, परत जुळवलं. मग टेस्ट. आमच्याकडची पद्धत अशी की झालेलं घड्याळ तीन दिवस विंडरवर ठेवायचं. विंडर म्हणजे हळूहळू फिरणारी बंद पेटी, ऑटोमॅटिक घड्याळाला हातावर असल्याचा भास होऊन चावी बसत राहते. रोज सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, आणि सव्वादहाला पेटी उघडून घड्याळ मोबाइलशी ताडून पाहायचं. किती सेकंद पुढे, किती मागे, ते टेस्टच्या वहीत लिहायचं. हे घड्याळ पहिल्या दिवशी दोन सेकंद पुढे. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोन. मी शंकरदांच्या नाकासमोर वही धरली. चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला काका आले, घड्याळ हातात घातलं, "बारा तीस!" असं परेडवर ओरडतात तसं ओरडले आणि गेले.

सहा दिवसांनी तो फोन.

गुरुवारी साडेदहाला काका-काकू दोघं आले. काका एका आठवड्यात वाळले होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, पण खांदे पडलेले. मी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं.

"वाचा बरं."

"दहा चौतीस."

"बरोबर! काय अडचण आहे?"

काकांनी खिशातून कागद काढला. फौजी माणूस, स्वतःच्या आजाराचाही रिपोर्ट केलेला. घड्याळ घेऊन गेले त्या दिवशी सियालदहहून लोकल पकडली. वाटेत मनगटाकडे पाहिलं तर पाच वाजून पाच मिनिटं. काकांना वाटलं, डोळा लागला, बराकपूर कधीच मागे पडलं. समोर आलेल्या स्टेशनावर उतरले. ते होतं सोदपूर. बराकपूर अजून पुढेच होतं. प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झालेली. पुन्हा मनगटाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

"मग घरी," काका म्हणाले. "मी बघतो तर आठ. भिंतीवर पाच. हिला हाक मारतो. ही पोळ्या टाकून, हात धुऊन, पुसून येईपर्यंत सहा होतात आणि सगळं ठीक असतं."

"मी लगेच आले असते तरी काय उपयोग?" काकू म्हणाल्या. "मला त्या तबकड्यांतलं ओ की ठो कळत नाही."

"अहो, पण घड्याळच चुकत असेल," मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. माझ्या वहीत तीन दिवसांचे 'प्लस दोन' होते ना! मी म्हटलं, "काका, हे वाचायला जरा अवघडच आहे."

"आंघोळीच्या आधी महिनाभर मला येत होतं," काका हळूच म्हणाले. "ती माझी भीती आहे. येत होतं ते जायला लागलंय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं."

मग काकूंनीच सांगितलं. यांनी घाबरून मृणालला फोन केला, की मला वेळ कळेनाशी झालीय. ती शनिवारच्या विमानाने येतेय. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. आणि डॉक्टर काही म्हणोत, आईबाबांना आता एकटं ठेवायचं नाही, बेंगळुरूला न्यायचं. तिने दलालालाही फोन केलाय, बराकपूरचं घर विकायला.

"बागेत यांनी एकवीस आंबे लावलेत," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. "तिच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा माणूस काय करणार?"

मलाही भरून आलं. पण घड्याळजी काय करणार? मी चहा मागवला. काकांना धीर देत घड्याळ टेबलावर ठेवून चकत्यांचा धडा परत घ्यायला लागले. "ही बघा, ही पहिली चकती. हिच्यावर एक, चार, सात, दहा. आत्ता दहा चाललेत. आता अकरा वाजतील, की ही जाईल आणि दुसरी येईल. तिच्यावर दोन, पाच, आठ, अकरा. बघा हं, येतेय... आली... बघा, अकरा वाज—"

दोन वाजले होते.

मी भिंतीकडे पाहिलं. अकरा. घड्याळाकडे पाहिलं. दोन. कर्नलसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते.

"मला दोन दिसतायत," ते म्हणाले. "तुला?"

अर्ध्या मिनिटात सगळा उलगडा झाला. दुसरी चकती बसवताना मी पाव वळण चुकवलं होतं. म्हणजे अकराला दोन, दोनाला पाच, पाचाला आठ, आठाला अकरा. बाकीच्या दोन चकत्या सुतासारख्या सरळ. दर तीन तासांतला एक तास खोटा, दोन खरे. आणि माझी थोर टेस्ट! मी रोज सव्वादहाला पाहत होते. सव्वादहाला रोज पहिलीच चकती समोर येणार. तीन दिवस काय, तीन वर्षं पाहिलं असतं तरी वहीत 'प्लस दोन'च आलं असतं. जुळवल्यावर मी बारा तास फिरवून पाहिलं होतं, नाही असं नाही. पण चकती वळतेय का, अडकतेय का, एवढंच पाहत होते. तिच्यावर लिहिलंय काय, ते वाचलंच नाही. वाचायला शिकवायची गरज काकांना नव्हती, मला होती.

शंकरदांनी मला आतल्या खोलीत ओढलं.

"चुंबक म्हण."

"काय?"

"मोबाइलजवळ ठेवल्यामुळे घड्याळाला चुंबकत्व लागलं, म्हण. सगळे म्हणतात. गिऱ्हाईक मानतं."

"शंकरदा, त्या माणसाचं घर विकायला निघालंय!"

"आणि त्याने मुलीला सांगितलं तर? ती घड्याळाच्या कंपनीला लिहील. आपलं नाव जाईल."

"माझं जाऊ दे. चूक माझी आहे."

खरं सांगायचं तर माझंही धाबं दणाणलं होतं. चुंबकाची थाप जिभेवर आलीच होती. पण चुंबकाने घड्याळ पुढे जाईल, मागे जाईल, बंद पडेल. पाचाचे आठ करून सहाला शहाणं होणार नाही. मृणाल इंजिनीअर होती, ती हसली असती. आणि काकांच्या मनातली भीती काही चुंबकाने गेली नसती.

बाहेर येऊन मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "काका, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. चकती मी चुकीची बसवली. तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर वाचलंत. घड्याळात जे लिहिलं होतं तेच वाचलंत. मी गाढव आहे."

मी शिव्या खायच्या तयारीत होते. फौजी शिव्या काय असतात याची कल्पना होती. काका खुर्चीच्या टोकाला सरकले. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

"मी गाढव आहे."

"ते नको. आधीचं."

"तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर वाचलंत."

काका हसायला लागले. असे हसले की शंकरदा पाणी घेऊन धावले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि काकू त्यांच्या पाठीवर धपाटे घालत म्हणायला लागल्या, "आठ दिवस माझं रक्त आटवलंत हो!" माझा जीव भांड्यात पडला. मीही रडले. एकटे शंकरदा कोरडे होते, ते अजून कंपनीच्या पत्राचा विचार करत होते.

दुपारपर्यंत चकती सरळ केली. बारा तास फिरवले, आणि या वेळी दर तासाचा आकडा मोठ्याने वाचला. शंकरदांनाही वाचायला लावलं. निघताना काका म्हणाले, "हे सगळं लिहून दे. मृणाल फोनवर ऐकायची नाही, तिला डॉक्युमेंट लागतं."

मी दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं: सदर घड्याळात आमच्या चुकीमुळे दोष होता. कर्नल निंबाळकर यांनी वेळ सतत अचूक वाचली. त्यांच्या आकलनात कोणताही दोष आढळला नाही. खाली सही, शिक्का.

शनिवारी मृणालचा फोन आला. आधी तिने मला चकतीच्या दातांवरून दहा मिनिटं उलटसुलट विचारलं. मग शांतपणे म्हणाली, "मी सोमवारची अपॉइंटमेंट रद्द करतेय. दलालालाही कळवते." आणि कंपनीला पत्र लिहिणार नाही, हे शंकरदांसाठी तिने आपण होऊन सांगितलं. आतल्या खोलीतलं आमचं बोलणं काकांनी ऐकलं असणार.

महिन्याभराने काकू एकट्याच दुकानात आल्या. मला वाटलं, पेढे असतील.

"काय लिहून दिलंस गं ते?" त्या कडाडल्या. "फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय! दुधाचा हिशेब चुकला, दाखव फ्रेम. माझ्या भावाचं नाव विसरले, दाखव फ्रेम. 'आकलनात कोणताही दोष आढळला नाही, खाली शिक्का आहे!' संसार करायचा कसा मी?"

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. घड्याळ बाराही तास वाचून पाहते. आणि चूक लेखी कबूल करायची वेळ आली, तर खाली एक ओळ टाकते: हे प्रमाणपत्र फक्त घड्याळापुरतं ग्राह्य आहे.