निफाडची थंडी, क्वीन्सटाउनची खिडकी

सिंगापूरला थंडी पडत नाही, हे मी आईला फोनवर दहादा तरी सांगितलं असेल. तरी बाई विमानातून उतरली ती स्वेटर घालून. बॅगेत दोन गोधड्या, चार कानटोप्या, ओव्याची पुरचुंडी आणि किलोभर मैदा. मी म्हटलं, "अगं, मैदा इथेही मिळतो." ती म्हणाली, "असू दे. मला खळीला लागणार आहे."

खळ कशाला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. माझी मुलगी पाच आठवडे आधीच जन्माला आली होती, वजन दोन किलोहूनही कमी. तीन आठवडे काचेच्या पेटीत काढून ती दुसऱ्या दिवशी घरी यायची होती. नर्सने बजावलं होतं, हिला गारवा लागू देऊ नका, अशी बाळं पटकन थंड पडतात. मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आता वाटतं, तिथेच चुकलं.

आमचं घर म्हणजे क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. पाहुणा आला की नवऱ्याने स्वयंपाकघरात झोपायचं. खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या, मिटल्या तरी दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहायची. आम्हाला त्या फटींचं कौतुकच होतं, तेवढाच वारा. मुलीला घेऊन घरी आले तर वारा बंद. आईने मैद्याची खळ शिजवून सगळ्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दाराखाली चिंध्यांची वळकटी. पंख्याचं बटण चिकटपट्टीने बंद. नवरा बिचारा घाम पुसत म्हणाला, "आई, जरा उकडतंय का हो?" ती म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत उकडायलाच हवं."

मी ओरडले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, हे काय काश्मीर आहे का? पण मी दमले होते, आणि खरं सांगायचं तर तिच्या हातचं अळीव आणि डिंकाचे लाडू खाऊन सुस्तावलेही होते. आई ओव्याचा शेक द्यायची, पाठ रगडून द्यायची, मला रडू यायचं तर रडू द्यायची. म्हटलं, करू दे हिच्या मनासारखं.

पाचव्या दिवशी दुपारी मुलगी दूध ओढेना. अंगाला हात लावला तर चटका. टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. एवढ्याशा बाळाला ताप म्हणजे काहीही असू शकतं, असं म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि एवढ्याशा हाताला सुई लावली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावर काय काय होतं? मी मोजायला लागले. झबलं, त्यावर स्वेटर, पायमोजे, कानटोपी, दुपटं, वरून गोधडी. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आणि खोलीच्या खिडक्या?

आई व्हरांड्यात खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुला मारायचंय का माझं बाळ?" असं बोलले.  आईने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. नवऱ्याने तिला घरी नेऊन सोडलं.

रक्तात काहीच निघालं नाही. कपडे काढल्यावर दोन तासांत ताप उतरला होता. तरी दोन दिवस ठेवून मग सोडलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, तुमच्या अंगावर जेवढं, त्याहून एक कपडा जास्त, बस. ऊबही हवी आणि वाराही हवा. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच आईचा चेहरा आठवला. दोन दिवसांत मी तिला एक फोनही केला नव्हता.

घरी आलो तर खिडक्या लख्ख. गरम पाण्याने भिजवून, नखांनी खरवडून तिने एकूण एक पट्टी काढली होती. पंखा चालू होता. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली. मला म्हणाली, "तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते का, बघ जरा."

मी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "चुकले मी. पण तू एवढी का घाबरलीस, ते मला सांग."

माझ्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो राहिला नाही, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडे त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. त्या दुपारी आईने पहिल्यांदा सांगितलं. निफाडला बाबांचं क्वार्टर म्हणजे एकच खोली, वर पत्रे, खिडकीची एक काच फुटलेली. निफाडची पौषातली थंडी, सकाळी बादलीत हात घालवत नाही अशी. मुलगा अशक्त होता. "काच बसवू, बसवू, असं म्हणत राहिलो आम्ही," आई म्हणाली. "अकराव्या दिवशी पहाटे घ्यायला गेले, तर गार. डॉक्टर म्हणाले, थंडीनेच असं नाही. पण मला ती काच दिसते."

मग माझ्या वेळी दिवाळीचे पाहुणे गेले तसे दोघे कामाला लागले. पत्र्यांखाली गोणपाटं शिवून ताणली. दाराच्या फटीत चिंध्या, उंबऱ्याशी मातीचं लिंपण. खिडकीला नवी काच, वर खळीने डकवलेले कागद, एकावर एक तीन थर. "बाबा ऑफिसातून रद्दी आणायचे, मी खळ शिजवायचे. तू पौषातच झालीस. होळीपर्यंत ती खिडकी आम्ही उघडली नाही."

मला ते घर आठवत नाही. त्याचा फोटोही नाही. पण त्या दोन माणसांनी ते एवढंसं घर माझ्यासाठी एकेक फट शोधून बंद केलं, म्हणून मी आहे, असं मला त्या दिवसापासून वाटतं. आईला मी हे बोलून दाखवलं नाही. 

डिसेंबरचा पाऊस इथे विचारून येत नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात तो आला, वाऱ्यासकट, आणि पाळण्यावरच्या खिडकीच्या फटीतून तुषार थेट आत यायला लागले. मुलगी शहारली. खोलीत खरंच गारठा भरला. पाळणा सरकवायला जागा नव्हती. आईने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. माझी आई, विचारल्याशिवाय माझ्या स्वयंपाकघरातले डबे पुसून पुन्हा लावणारी, ती परवानगीची वाट बघत होती.

मी उठले. मुलीला तिच्या मांडीवर दिलं, दोन चमचे मैदा पाण्यात कालवून गॅसवर ठेवला. "कागद टाकलेस का सगळे?"

"गादीखाली आहेत," ती हळूच म्हणाली.

पाळण्यावरच्या तेवढ्या एका खिडकीला मी पट्टी लावायला घेतली. बाकीच्या उघड्याच ठेवल्या. पट्टी दोनदा घसरून माझ्या हातावर आली. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा आईने बाळ माझ्याकडे दिलं, पदराला हात पुसले आणि वाटी ओढून घेतली.

"खळ पातळ झालीये," ती म्हणाली. "सरक, मी लावते."