थंड इंजिन

सानिका, निहार, मागच्या हिवाळ्यात तुमच्याकडे आले, तेव्हा दारातल्या गाडीच्या नाकातून एक वायर लोंबताना दिसली. तिचं दुसरं टोक भिंतीतल्या प्लगमध्ये होतं. मी तुमच्या बाबाला विचारलं, "मोबाईलसारखी हिलाही चार्ज करतोस की काय?"

"नाही गं आई, पेट्रोलचीच आहे. पण या थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि सकाळी इंजिन फिरता फिरत नाही. म्हणून आत हीटर असतो, तो रात्रभर त्याला कोमट ठेवतो."

मला ते लगेच पटलं. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल थिजतं, तेव्हा न्हाण्याआधी बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. ऐन वेळी ती कितीही उलटी करून आपटली तरी थेंब पडत नाही.

आता दर रविवारी तुमचा बाबा फोन लावून तुमच्यासमोर धरतो. "आजीशी मराठीत बोला बरं!"

"आजी, कशी आहेस?"

"बरी आहे. जेवलात का?"

"हो."

मग तुम्ही बाबाकडे बघता आणि मी तुमच्याकडे.

"लाजतात गं," तो म्हणतो.

तुम्ही लाजत नाही, बाळांनो. आठवडाभर त्या घरात बाबा तुमच्याशी मराठीचा एक शब्द बोलत नाही, हे मी तिथे राहून ऐकलं आहे.

गाडीला वायर लावायला मात्र तो एकाही संध्याकाळी विसरला नाही. आधी ती लावायचा, मग घरात येऊन बूट काढायचा.