माईकवरचा आरोपी

नोकरीत खुनाचे गुन्हे पुष्कळ तपासले आणि बहुतेक विसरलो. हा एक मात्र काही केल्या विसरला जात नाही. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांना ओळखू येतील त्यांना ती आधीपासून ठाऊक आहेत.

खराडीच्या पलीकडचं एक गाव तेव्हा नुकतंच महापालिकेच्या हद्दीत आलं होतं. संगणक कंपन्या येणार म्हणून जमिनींना सोन्याचे भाव आले होते. गावातला एक म्हातारा मात्र रान विकायचं नाही म्हणून हटून बसला होता. एका सकाळी तो बांधावर डोकं फुटून पडलेला सापडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पंचनामा आटोपून आम्ही परततोय तोच सत्ताधारी पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता ठाण्यात स्वतःहून हजर झाला. अंघोळ केलेली, कपडे इस्त्रीचे, सोबत वकील. "भांडण झालं, रागाच्या भरात टॉमी मारली," असं त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं आणि ती टॉमी, गाडीचं चाक खोलायची लोखंडी पहार, गाडीतून काढूनही दिली. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर तोच कबुलीजबाब देऊन तो येरवड्यात गेला.

ठाण्यात सगळे खूश होते. मी नव्हतो. कुणाचा जीव घेऊन आलेला माणूस आधी पाणी मागतो. याने सही कुठे करायची ते विचारलं होतं.

काही दिवसांनी त्याची बायको आली. ठाणे अंमलदार तिला "साहेब कामात आहेत" म्हणून वाटेला लावत होता, पण ती बाकावरून हलेना. मी आत बोलावलं.

"साहेब, माझ्या मालकांनी काय बी केलेलं नाय. त्या येळंला ते दहाव्यात माईकवर व्हते. समद्या गावानं ऐकलंय."

त्या भागातला दहावा हा घरच्यांपुरता विधी नसतो. घाटावर पिंड मांडलेले असतात, लोक कावळा शिवायची वाट बघत असतात आणि तेवढ्या वेळात पुढारी श्रद्धांजलीची भाषणं उरकतात. कोण आलं, कोण आलं नाही, हे गाव वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. गावचे नगरसेवक, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते असे दहावे गाठत गाठतच वर चढले होते. आता आमदारकीचं तिकीट त्यांच्या हाताशी आलं होतं. आणि प्रत्येक दहाव्याला माईक सांभाळायचा तो हाच कार्यकर्ता.

"त्या दिवशी दादा होते का?" मी विचारलं.

"यांनी लई डाव नाव पुकारलं त्यांचं. आलंच न्हाईत. समदं उरकल्यावर आलं, कापडं बदलून."

मला हसावं की रडावं कळेना. खून अंगावर घ्यायला दादांनी सगळ्यात इमानी माणूस निवडला होता, आणि इमानी माणूस नेमका कर्ण्यावरून गावभर ऐकू जात होता. रोज कानावर पडणारा आवाज, घरातल्या पंख्यासारखा. तो त्या वेळी चालू होता हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कोर्टाची परवानगी घेऊन मी येरवड्यात त्याला भेटलो.

"काय कबूल केलंय तुला दादांनी?"

"पुढच्या टायमाला वॉर्ड माझा, साहेब. दादा आमदार झालं की जागा मोकळीच हाय."

"आणि शिक्षा झाली तर?"

"दादा बगत्याल की."

"अरे, खुनात शिक्षा झालेल्या माणसाला उमेदवारी मिळत नाही. तुझा अर्ज टेबलावरच बाद होईल. हे तुझ्या दादांना माहीत आहे आणि त्यांच्या वकिलालाही."

 मग तो रडत रडत सगळं बोलला. घाटावर येताना दादांनी वाटेत गाडी थांबवली होती, रान विकण्यावरून म्हाताऱ्याशी शब्दाला शब्द वाढला आणि हात सुटला. शेवटी त्याने विचारलं, "साहेब, माझा कबुलीजबाब फाडून टाकता येतो का?" येत नाही, हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं.

तपासाची सगळी भिस्त आता त्याच्या बायकोवर होती. दहाव्याला अख्खं गाव जमलं होतं, पण माईकवर कोण होतं ते एकालाही आठवेना. तिने मात्र न डगमगता जबाब दिला आणि मी दादांना आरोपी केलं. पुढे माझी बदली झाली. खटला उभा राहीपर्यंत तो वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता आणि दादांच्या पक्षाने तिकीट तिला दिलं होतं.

साक्षीला ती कडक साडीत आली. "माईकवर कोण होतं, मला आठवत नाही," म्हणाली. पिंजऱ्यातल्या नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. दादा सुटले. त्याला जन्मठेप झाली. मला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल.

पुढची तिची वाटचाल मी वर्तमानपत्रातून वाचत गेलो. नगरसेविका, मग शहराच्या महिला आघाडीची अध्यक्षा, आणि एका निवडणुकीत थेट दादांचाच पत्ता कापून आमदार. म्हाताऱ्याच्या रानावर तोवर काचेची इमारत उभी राहिली होती.

निवृत्तीनंतर कोथरूडला राहायला आलो. नातेवाइकाला भेटायला म्हणून ती एकदा आमच्या सोसायटीत आली होती. मला जिन्यापाशी पाहून थांबली आणि सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितलं.

"साहेब, ओळखलंत का?" बोलणं आता अगदी शहरी झालं होतं.

"ओळखलं. यजमान कसे आहेत?"

"सुटले. बहिणीकडे राहतात. मी दोनदा न्यायला गेले, दार उघडलं नाही."

"का केलंत तसं?" मी सरळच विचारलं.

तिने मान खाली घातली नाही. "तुमची बदली झाली, साहेब. माझी कुठं होणार होती?"

साक्षीदार कसा शोधायचा, कसा बोलता करायचा, हे सगळं आम्हाला शिकवलं होतं. साक्ष देऊन संध्याकाळी तो कुठल्या गावात परत जातो, हे मला तिने शिकवलं. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि तिचा नवरा शिक्षा भोगून आला होता.